जुने हात विसरायलाही दिवस लागतात, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. श्री. किंजरापु राममोहन नायडू,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली

विषय : एका जातीच्या विमानावरून दुसऱ्या जातीच्या विमानावर जाणाऱ्या वैमानिकांचे प्रशिक्षण

सा. न. वि. वि.

मी बेळगावचा, शहापूरचा. ३३ वर्षे सरकारी बस चालवली. त्यातली शेवटची ९ डेपोत शिकवण्यात गेली. नवशिक्यांना शिकवले आणि नव्या गाडीवर बदलून आलेल्या मुरलेल्या ड्रायव्हरांनाही. दुसरे काम अवघड होते, आणि त्याच कामामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे. पत्र मराठीत आहे. आमच्या भागात एकच अर्ज कन्नडमध्ये लिहायचा, घरात मराठीत समजावायचा आणि वरच्या कार्यालयाला इंग्रजीत धाडायचा अशी सवय असते, तेव्हा तुमच्या कार्यालयातही कुणीतरी भाषांतर करून देईल.

माझी थोरली लेक वैमानिक आहे. चार वर्षे ती एटीआर ७२ या दोन पंख्यांच्या विमानावर सहवैमानिक होती. ही जात आमच्या सांबऱ्याच्या धावपट्टीलाही ओळखीची आहे. गेल्या वर्षी तिच्या कंपनीने तिला एअरबस ए ३२० वर घेतले. नातेवाइकांनी पेढे मागितले. आमच्यात पेढ्यांऐवजी कुंदा वाटतात, तो वाटला. कॉमर्शिअल लायसन्स हातात असले, हजारो तास उडवलेले असले, तरी नव्या जातीचे विमान हाती घ्यायचे तर त्याचे वेगळे टाइप रेटिंग लागते, हे लोकांना माहीत नसते. वर्गातला अभ्यास, संगणकावरचे धडे, सिम्युलेटर, परीक्षा, मग खऱ्या विमानावर देखरेखीखाली उड्डाणे, आणि शेवटी 'रिलीज', म्हणजे देखरेखीशिवाय उडवायची मोकळीक. पेढे मागणाऱ्यांना वाटते, मोठी गाडी मिळाली, बस्स.

ती सुट्टीवर घरी आली तेव्हा ए ३२० च्या कॉकपिटचे भलेमोठे पोस्टर घेऊन आली आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवले. समोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. उजवीकडे ती, डावीकडे कॅप्टन म्हणून मी. मी हातातल्या कागदावरून एकेक ओळ वाचायची, तिने भिंतीवरच्या त्या त्या बटणावर बोट ठेवायचे. सौ. स्वयंपाकघरातून येऊन विचारायची, "काय बघूलीस गे तासभर त्या भिंतीकडं?" पहिल्या दोन दिवसांत मला एक गोष्ट दिसली, जी लेकीला स्वतःला दिसत नव्हती. इंजिन बंद करायची ओळ वाचली की तिचा डावा हात पॉवर लिव्हरच्या शेजारी काहीतरी चाचपायचा. एटीआरमध्ये तिथे कंडिशन लिव्हर असतो. ए ३२० मध्ये तो लिव्हरच नाही. इंजिनाचे मास्टर स्विच मागे, वेगळ्या जागी आहेत. आणि मी "टेकऑफ पॉवर" म्हटले की खुर्चीखाली तिचे पाय हलायचे. पंख्याच्या विमानात जोर कमी-जास्त केला की नाक बाजूला ओढले जाते आणि पायाने ते सावरावे लागते. नव्या विमानात पायांना हे काम फारसे उरत नाही. डोक्याला हे पाठ होते. पायांना कुणी सांगितले नव्हते.

हे मी डेपोत शेकडो वेळा पाहिले आहे. जुन्या गाडीवर गिअर बदलताना डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच, मारून मारून घट्टे पडलेला माणूस त्याची गरज नसलेल्या सिंक्रोमेशच्या गाडीवर बसला तरी सहा महिने डबल क्लच मारत राहायचा. त्याने काही बिघडत नाही, थोडे डिझेल जाते. पण पॉवर स्टीअरिंगची गाडी आली तेव्हा गंमत नव्हती. जड स्टीअरिंग अंगाने ओढणारा आमचा एक पट्टीचा ड्रायव्हर निपाणीच्या तवंदी घाटात पहिल्याच वळणाला जुन्याच जोराने वळला आणि गाडी कठड्याला जवळजवळ टेकली. मी शेजारी उभा होतो म्हणून चाकावर हात पोहोचला. तो माणूस अडाणी नव्हता. नवशिक्या असता तर वळलाच नसता तितका, कारण नवशिक्या भीत भीत चालवतो. धोका मुरलेल्या हाताला असतो. त्यातही सकाळी ताज्या अंगाने चालवताना माणूस नवे नियम पाळतो. अंधार, पाऊस, मागून हॉर्न, पोटात भूक, असे चार प्रकार एकदम आले की हात आपोआप जुन्या घरी जातो.

विमानात याची किंमत काय असते, ते आपल्या कर्नाटकाने पाहिले आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे ए ३२० बेंगळुरूच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. विमानात १४६ माणसे होती, त्यांतली ९२ गेली. मला नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. हुबळीच्या स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी रेडिओवर बातमी ऐकल्याचे आठवते. पुढे लेकीमुळे त्यातले तांत्रिक कळले. हे विमान त्या कंपनीत आदल्याच वर्षी आले होते. डावीकडचे वैमानिक अनुभवी होते, पण या जातीवर त्यांची तपासणी चालू होती, आणि शेजारी तपासणारे वैमानिक होते. खाली उतरताना स्वयंचलित यंत्रणा अशा मोडमध्ये राहिली की इंजिने निष्क्रिय (चालू, पण जोर न लावणारी) आणि वेग घटत चाललेला. ए ३२० मध्ये इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी ऑटोथ्रस्ट यंत्रणा चालू असताना थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत, त्यामुळे इंजिनाचा जोर गेला हे हाताला जाणवत नाही, डोळ्यांनी काट्यांवरच वाचावे लागते. लक्षात आल्यावर लिव्हर पुढे ढकलले गेले, पण जेट इंजिनाला निष्क्रिय अवस्थेतून जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढे उरले नव्हते.

माझी लेक पंख्याच्या विमानावरून आलेली. पंखा लिव्हर सारताच हवेला धरतो, जेट धरत नाही. म्हणजे तिच्या हाताची चार वर्षांची सवय नेमकी त्याच सेकंदांच्या बाबतीत चुकीची होती. हे तिने मला सांगितले तेव्हा मी पोस्टरसमोरून उठून अंगणात जाऊन आलो.

सवयीच्या उलट टोकाचे उदाहरणही तुमच्या खात्याच्या फायलींत आहे. बोइंग ७३७ च्या जुन्या जातीवरून मॅक्सवर जाताना फरक फारसा नाही असे धरले गेले, आणि बहुतेक वैमानिकांना सिम्युलेटरशिवाय, टॅबलेटवरच्या छोट्या अभ्यासावर सोडले गेले. नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस यंत्रणेचा वैमानिकांच्या पुस्तकात उल्लेखच नव्हता. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली, त्यानंतर सिम्युलेटर सक्तीचा झाला. आणि एप्रिल २०२२ मध्ये आपल्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) एका कंपनीच्या ९० वैमानिकांना मॅक्स उडवण्यापासून थांबवले, कारण ज्या सिम्युलेटरवर ते शिकले त्यातला स्टिक शेकर, म्हणजे विमान हवेत टेकू सोडायला आले की दांडा हलवून इशारा देणारे यंत्र, नीट चालत नव्हता. शाबासकी द्यायची तर त्या निर्णयाला देतो. नादुरुस्त गाडीवर शिकवलेला ड्रायव्हर मीही पास करत नसे.

आता माझे गाऱ्हाणे. कंपनीचे नाव लिहीत नाही, लेकीला तिथेच नोकरी करायची आहे.

सिम्युलेटर महाग, म्हणून तो चोवीस तास चालतो. एकेक सत्र चार तासांचे, त्याआधी तासाभराची तयारी आणि नंतर चर्चा. गुरुग्रामला तिची पहिली तीन सत्रे पहाटे २ ते ६ ची लागली. गंमत अशी की वैमानिकांच्या ड्युटीचे तुमचेच नियम २ ते ६ हा काळ शरीर सर्वांत मंद असण्याचा मानतात आणि त्या काळातल्या उड्डाणांवर बंधने घालतात. प्रवासी नेताना जो काळ धोक्याचा, तोच नवे विमान पहिल्यांदा हाताळायला चालतो कसा? खरे तर उलट हवे. थकव्यात जुनी सवय वर येते, हे वर लिहिलेच आहे. शेवटची सत्रे, जिथे पक्के झालेले तपासायचे असते, ती खुशाल रात्री लावा. पहिली चार मात्र दिवसा घ्या.

दुसरे, थांबणे. सिम्युलेटरची परीक्षा ती चांगली पास झाली. मग विमान नाही, प्रशिक्षक मोकळा नाही, रोस्टर बसत नाही, असे करत ७७ दिवस ती घरी. एटीआर सुटलेले, ए ३२० मिळालेले नाही, आणि ती त्या भिंतीसमोर. ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग ही वैमानिकांची जुनी अट आहे, आणि ७७ म्हणजे ९० च्या आत, तेव्हा कागद अगदी बिनचूक. पण ती अट मुरलेल्या वैमानिकाला गंज चढू नये म्हणून आहे. ज्याचे नवे अजून ओले आहे, त्याला तीच फूटपट्टी लावून कसे चालेल? ओल्या भिंतीवर रंग दिल्यासारखे ते. माझे म्हणणे, सिम्युलेटरची परीक्षा आणि पहिले खरे उड्डाण यांत ३० दिवसांहून जास्त अंतर पडले, तर मध्ये एक पूर्ण सत्र कंपनीच्या खर्चाने सक्तीचे करा. रोस्टर बसवणाऱ्याला मग हे दिवस मोजावे लागतील. आज ते फक्त लेकी मोजतात.

तिसऱ्या गोष्टीला कायद्यात कलम लावता येईल की नाही, तुम्ही ठरवा. तुमचा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, तेव्हा १९३४ च्या कायद्याची सबब आता उरली नाही. लेकीला एक जादा सत्र मागायचे होते. लँडिंगच्या वेळी नजर किती उंचीवर असावी हे बसत नव्हते, कारण एटीआरपेक्षा इथे बसायची जागा बरीच वर. तिने मागितले नाही. का, विचारल्यावर म्हणाली, "पप्पा, नाव लागतं." जादा सत्र मागणारा म्हणजे संथ, संथ म्हणजे पुढच्या बढतीला मागे. त्यात डोक्यावर लाखांचा ट्रेनिंग बाँड, मध्येच नोकरी सोडली तर भरायचा. मी डेपोत नियम केला होता, "अजून एक फेरी द्या" म्हणणाऱ्या ड्रायव्हरची नोंद वहीत करायची नाही. चुकणाऱ्याची करायची. मागणाऱ्याची नाही. तेवढ्याने माणसे येऊन विचारू लागली, आणि तवंदीच्या त्या ड्रायव्हरनेच पहिल्यांदा विचारले. प्रत्येक टाइप रेटिंगमध्ये दोन जादा सत्रे विनाप्रश्न, विनानोंद मिळाली पाहिजेत, एवढे डीजीसीएकडून लिहून येऊ दे.

आमच्या सांबऱ्याला २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी जागा दिल्या. आता होन्निहाळ, मुतगे, बाळेकुंद्रीच्या शिवारातली पोरे डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमाने बघत मोठी होतात. मे २०२३ मध्ये एक तर होन्निहाळजवळच्या रानातच उतरले. दोघेही सुखरूप होते, आणि बघ्यांनी सेल्फी काढून घेतल्या, ते जाऊ दे. त्या पोरांपैकी एखादा किंवा एखादी उद्या लेकीच्या जागी बसेल. एकदा नव्हे, आयुष्यात तीन-चारदा जात बदलेल, कारण कंपन्या विमाने बदलत राहणार. म्हणून हे पत्र एका घरापुरते नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चालक-प्रशिक्षक,
शहापूर, बेळगाव

ता. क. : लेक मागच्या महिन्यात रिलीज झाली. पोस्टर काढायचे तर रंगाचे पोपडे निघतात, म्हणून सौ.ने ते तसेच ठेवले आहे. परवा शेजारच्या पोराने मला डावीकडे बसवून चेकलिस्ट वाचायला लावली. इंजिन बंद करायच्या ओळीला त्याचे बोट थेट मास्टर स्विचवर गेले. त्याने एटीआर कधी चालवलेलेच नाही.