चौथ्या खर्ड्यातली छत्री

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

अण्णांवरची गोष्ट छापून आली. म्हणजे गोष्टीत नाव 'बापू' आहे, पण दादाला कोण फसवणार? अंक पोचला त्याच रात्री फोन. "मी कधी दारात उभा राहून पैशांचा हिशेब मागितला?" मागितला नव्हताच. त्या आठवड्यात तो आलाच नव्हता. मागितला मी, हे तुला ठाऊक आहे. गोष्टीत तो थोरल्याच्या तोंडी घातला आणि धाकट्याला उशाशी बसवलं. तेव्हा वाटलं, कथेची गरज आहे. कसली कथेची! माझीच.

दादाला डिकन्सचा किस्सा सांगून पाहिला. 'डेव्हिड कॉपरफील्ड' 1849-50 मध्ये महिन्याच्या महिन्याला भागांत निघत होती. त्यातल्या ठेंगण्या मिस माउचरमध्ये एका बाईला आपणच दिसलो, तिने तक्रारीचं पत्र धाडलं आणि डिकन्सने पुढे त्या पात्राला भलं करून टाकलं. दादा म्हणाला, "मग तूही कर." माझी नऊ पानांत संपली रे, पुढचा भाग आणू कुठून?

तू म्हणशील, भोग. सायकलच्या गोष्टीत तुला चोर केला तेव्हा सहा महिने बोलला नाहीस. (सायकल तूच नेली होतीस. अजूनही म्हणतो.)

गंमत ऐक. जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी खाटेवर बसून माझ्या चपलेचा अंगठा शिवला, तू मदतीला पुढे झालास तर तुझा हात झटकला. हे जसंच्या तसं लिहिलं होतं. संपादक म्हणाले, एवढंच रचलेलं वाटतं, काढा. दारातला दादा मात्र त्यांना अस्सल वाटला! काढलं मी.

पण खरी भानगड पुढेच आहे. सात वेळा खरडली गोष्ट, सातही वेळा दादाला दारात उभा केला. आता डोळे मिटले की तोच दिसतो, ओल्या छत्रीसकट. छत्री मी चौथ्या खर्ड्यात दिली! मी कुठे होतो ते दिसतच नाही. हिशेब विचारल्यावर अण्णा काय म्हणाले? गोष्टीत ते भिंतीकडे वळतात. ते घडलं, की मी लिहिलं? खोलीत तू होतास. दादाची माफी मागायचीय, पण कशाबद्दल ते आधी मला नीट कळू दे.

तुझ्या बदलीचं कळलं, धाकटीच्या निकालाचंही. दोघांचं अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू मला सांभाळून घेशील.

काल ती चप्पल शोधून काढली. चार टाके वाकडेतिकडे, शेवटचे दोन अगदी सरळ. अण्णांनी तुझा हात झटकला होता ना रे?

तुझाच,
भाऊ