शिष्यवृत्तीची वेळ प्रवेशाच्या आधीची

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील पदव्युत्तर शिक्षणाविषयी आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी आवर्जून वाचते. नामवंत शिष्यवृत्त्या मिळवणाऱ्यांचे त्यात कौतुक असते आणि ते योग्यच आहे; मात्र हा पैसा नेमका कुठे असतो, तो देण्याचा अधिकार कोणाला असतो आणि त्यासाठी कधीपासून तयारीला लागावे, याविषयी त्यात फारसे काही सापडत नाही. पदव्युत्तर वर्गांना अनेक वर्षे शिकवून आणि विद्यार्थ्यांसाठी असंख्य शिफारसपत्रे लिहून माझे असे ठाम मत झाले आहे की, हुशार मुलांची संधी गुण कमी पडल्यामुळे जितकी हुकते, त्याहून अधिक वेळा ती उशीर झाल्यामुळे हुकते.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एक विद्यार्थिनी एका ब्रिटिश विद्यापीठाचे प्रवेशपत्र घेऊन माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला तो कागद तिने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, प्रवेश झाला. आता शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे." त्या वर्षीच्या बहुतेक मुदती तेव्हा संपून गेल्या होत्या. हे सांगितल्यावर तिने विचारले, "म्हणजे प्रवेश मिळायच्या आधीच पैसे मागायचे?" ज्या सल्लागाराला तिने भरपूर फी दिली होती, त्याने तिला आधी प्रवेश आणि मग पैसा असाच क्रम सांगितला होता.

प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात आणि विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र त्यानंतर, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सादर करायचे असते. गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाच्या प्रवेश अर्जातच निधीचा भाग भरावा लागतो आणि त्याची मुदत विषयानुसार डिसेंबर किंवा जानेवारीच्या आरंभी संपते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत किमान दोन देशांत शिकायला मिळते आणि निवड झालेल्यास दरमहा 1,400 युरो मिळतात. त्यांचेही बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळातच घेतले जातात. म्हणजे सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचे असेल, तर आदल्या वर्षीच्या जून-जुलैपासून उद्देशपत्र, शिफारसपत्रे आणि भाषेच्या परीक्षेची तयारी हवी. मुदतीला दोन दिवस उरले असताना मागितलेल्या शिफारसपत्रात चार कोरडी वाक्येच येतात. त्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत काय केले, हे आठवून लिहायला शिक्षकालाही वेळ लागतो.

अटींकडेही असेच दुर्लक्ष होते. चीव्हनिंगसाठी दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी या संशोधन योजनेतील पीएचडीच्या जागांसाठी, नेमणुकीपूर्वीच्या 36 महिन्यांत उमेदवार नेमणुकीच्या देशात 12 महिन्यांहून अधिक काळ राहिलेला नसावा, अशी अट आहे. आधी स्वखर्चाने जाऊन तिथेच निधी शोधू, असा बेत करणारा विद्यार्थी या नियमामुळे नकळत अपात्र ठरतो, आणि ते त्याला फार उशिरा कळते.

मला सर्वाधिक सांगावेसे वाटते ते संशोधनाच्या पैशाविषयी. 1946 साली सुरू झालेली फुलब्राइट, 1959 च्या परिषदेतून उभी राहिलेली राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, जर्मनीची डीएएडी ही नावे सर्वांना ठाऊक असतात आणि म्हणूनच तिथे गर्दी असते. पीएचडीचा मोठा निधी मात्र विद्यापीठांच्या विभागांत आणि प्राध्यापकांच्या प्रकल्पांत असतो. अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि अनेक सामाजिक शास्त्रांत पीएचडीचा प्रवेश बहुधा असिस्टंटशिपसह, म्हणजे विभागात शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याच्या कामासह येतो. शिक्षणशुल्क माफ होते, शिवाय विद्यावेतन मिळते आणि अनेक विषयांत आधी एमएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेली असण्याची गरजही नसते. हे न कळल्यामुळे कर्ज काढून एमएस करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्स या देशांत पीएचडी ही बहुतांशी पगारी नोकरीच असते आणि तिची जाहिरातही नोकरीसारखीच येते. जो शिष्यवृत्ती या एकाच शब्दाने शोधतो, त्याला ती सापडतच नाही. युरोपीय आयोगाच्या युरॅक्सेस या संकेतस्थळावर अशा जागा पाहता येतात.

मी विद्यार्थ्यांना आणखी एक सवय लावते. आवडलेल्या शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत आभाराचा मजकूर असतो. त्यात निधी देणाऱ्या संस्थेचे नाव आणि अनुदानाचा क्रमांक बहुधा दिलेला असतो. तो क्रमांक शोधला की प्रकल्प कधी सुरू झाला, किती वर्षे चालणार आणि त्यात संशोधक विद्यार्थ्याची जागा आहे का, याचा अंदाज येतो. मग त्या प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्राला अर्थ येतो. "आपल्या नामांकित विद्यापीठात संशोधन करण्याची माझी इच्छा आहे" असा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला, तर उत्तर न येणे स्वाभाविक आहे. त्यांच्या एका निबंधातील एक प्रश्न, त्यावर आपण केलेले काम आणि पुढे काय करावेसे वाटते, इतके दोन परिच्छेदांत लिहिलेले पत्र वाचले जाते. मार्चमध्ये माझ्याकडे आलेल्या त्या विद्यार्थिनीने ती जागा सोडली, वर्षभर हेच केले आणि दुसऱ्या वर्षी ती पगारी पीएचडीसाठी नेदरलँड्सला गेली.

शुल्कातल्या सवलतीलाही हल्ली सर्रास शिष्यवृत्ती म्हटले जाते. पंचवीस टक्के सवलत मिळाली तरी उरलेले पंचाहत्तर टक्के आणि राहण्याजेवणाचा खर्च विद्यार्थ्यालाच करायचा असतो, याची आठवण पालकांना करून द्यावी लागते. तसेच निधीसह प्रवेश मिळाल्यावर आठवडाभरात होकार कळवण्याच्या घाईत मुले गोंधळतात. अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा आर्थिक प्रस्तावाला 15 एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते, हे फार थोड्यांना माहीत असते.

माझी आपणास विनंती आहे की, दर वर्षी जून महिन्यात आपल्या दैनिकाने प्रमुख शिष्यवृत्त्यांच्या मुदती, पात्रतेच्या अटी आणि परतीची बंधने यांचे एक पान छापावे, आणि यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेताना त्यांनी पहिला अर्ज कोणत्या महिन्यात केला व किती नकार पचवले, हेही विचारावे. पहिल्या वर्षीचे पान तयार करण्यास मी आनंदाने मदत करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका