कामगारांची पॉलिसी नुसता प्रीमियम बघून घेऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

22 सप्टेंबर 2025 पासून हेल्थ इन्शुरन्सवरचा जीएसटी गेला तेव्हापासून आमच्या कुडाळ-सावंतवाडी बाजारात जो तो सांगतोय की आता कामगारांचा विमा स्वस्त झाला, काढून टाका. एजंटांचे फोन तर विचारूच नका. पण शून्य झाला तो वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एक) पॉलिसीवरचा जीएसटी, मालक कामगारांसाठी जी ग्रुप पॉलिसी घेतो तिच्यावर 18 टक्के अजून आहेच. म्हणजे 20 हजार प्रीमियम ठरला तर चेक 23,600 चा फाडायचा. हे फोनवर कोणी सांगत नाही, सही करायच्या वेळी कळतं.

माझा काजूचा छोटा कारखाना आहे, आठ माणसं, त्यातल्या सहा बायका सोलणी आणि ग्रेडिंगला. कारखान्यात दहा माणसं झाली की ईएसआयसी (सरकारी कामगार विमा योजना) लागते, 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना, मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के, तिथे आमची मेडिक्लेम आहे म्हणून ईएसआयसी नको असं चालत नाही. आणि खरं सांगू का, ईएसआयसीला लोक नाकं मुरडतात पण उपचाराच्या खर्चाला तिथे वरची मर्यादा नाही, आईवडील अवलंबून असतील तर तेही येतात, आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते, हे कुठली खासगी पॉलिसी देते? प्रश्न आमच्यासारख्या दहाच्या आतल्यांचा आहे. बऱ्याच कंपन्या सात माणसांच्या खाली ग्रुप घेत नाहीत, त्यामुळे सात ते नऊ माणसंवाल्या मालकाला ग्रुप किंवा प्रत्येकाची वैयक्तिक असे दोन रस्ते, आणि चार-पाच माणसंवाल्याला वैयक्तिकच.

आता वैयक्तिकवर जीएसटी नाही म्हणून तीच घ्यावी असं वाटतं, आणि तिचा फायदा आहेच, नोकरी सुटली तरी पॉलिसी कामगाराकडे राहते. पण आधीपासूनच्या आजाराला तिथे तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (पूर्वी चार होती, 2024 पासून तीनच्या वर ठेवता येत नाहीत). आमच्याकडे सोलणीला येणाऱ्या बायका पंचेचाळीस-पन्नासच्या, कोणाला शुगर, कोणाला प्रेशर, तीन वर्षं थांबून काय करणार त्या? ग्रुपमध्ये बहुतेक वेळा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात, फक्त तसं पॉलिसीत लिहिलेलं आहे ना ते बघून घ्यायचं, एजंटच्या तोंडावर जायचं नाही. आणि काम सोडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधी थांबण्यात गेलेली मुदतही (वेटिंग पिरियड) धरली जाते, हे कामगाराला सांगायचं काम मालकाचं, पण सांगतं कोण.

पॉलिसी घ्यायच्या आधी माणसांना विचारा हो. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "शेटनू, माका नको, माझ्या आवशीचा नाव घाला त्यात." पंचविशीतला पोरगा, त्याला स्वतःच्या आजारपणाची नाही, आईच्या गुडघ्याची आणि मोतीबिंदूची काळजी. आईवडील घातले की प्रीमियम चांगलाच वाढतो आणि त्यांच्या बिलात 10-20 टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा, पण घालतात, तरी अर्धे मालकाने अर्धे त्याने असं ठरवता येतं.

रूम रेंटचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. समजा तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. पेशंट कोल्हापूरला गेला, तिथे 6,000 ची खोली मिळाली, तर आपल्याला वाटतं की वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, बास. तसं नाही. खोलीच्या प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशनचा चार्ज, नर्सिंग सगळं निम्मं धरतात, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या यातून सुटतात. असे चार्जेस 1,20,000 झाले असतील तर 60,000 घरच्यांनी भरायचे, वर खोलीचा फरक वेगळा. जनरल वॉर्ड घेतला असता तर हे झालं नसतं, पण ॲडमिट करायच्या गडबडीत रात्री दोन वाजता हे कोणाच्या डोक्यात असतं? त्यामुळे थोडे पैसे जास्त गेले तरी रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा, कव्हर पाचाऐवजी तीन लाखांचं घ्यावं लागलं तरी चालेल असं माझं मत.

दुसरं म्हणजे हॉस्पिटलांची यादी. आपला पेशंट मोठं काही झालं की जातो कुठे? आम्ही सिंधुदुर्गवाले गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नाहीतर करूळ घाटाने कोल्हापूरला, रत्नागिरीवाले आंबा घाटाने कोल्हापूर नाहीतर थेट मुंबई. आणि पावसात घाटात दरड आली की सगळंच बोंबललं, मग तालुक्याचं हॉस्पिटल हेच खरं. एजंट जी हजारो नेटवर्क (कंपनीशी करार असलेल्या) हॉस्पिटलांची यादी दाखवतो त्यात आपल्या तालुक्यातलं एक तरी आहे का ते आधी बघा. 2024 पासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस (बिल कंपनीच थेट हॉस्पिटलला भरते) मिळू शकतं, ठरलेल्या ऑपरेशनला 48 तास आधी कळवून, पण हॉस्पिटल तयार असलं तर. आणि छोट्या नर्सिंग होममध्ये ॲडमिट व्हायच्या आधी त्याची नोंदणी आहे का विचारा, नसेल तर निदान दहा खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर असल्या अटींवर क्लेम अडतो.

आता जे लिहिण्यासाठी पेन उचललं ते. आपल्याकडे धंदा सीझनवर. मे संपला की आंब्याची माणसं मोकळी, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणून बोटीवरचे खलाशी घरी, काजूवाले पण माणसं कमी करतात. ग्रुप पॉलिसीत मध्येच नाव घालता येतं, काढता येतं, काढलं आणि क्लेम झालेला नसला तर उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम परत मिळतो. ही सोय चांगली, पण काही मालक काय करतात, जून लागला की नावं काढून टाकतात, चार पैसे वाचतात म्हणून, आणि दिवाळीनंतर परत घालतात. अहो, तीच माणसं जुलैत चिखलात उतरून लावणी करतात, पायाला कुठेतरी चिरलेलं असतंच, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून जखमेवाटे येणारा ताप, होतो. ताप, अंगदुखी म्हणून दोन दिवस अंगावर काढलं की किडनीवर जातं, डायलिसिस, आयसीयू. साप चावायचे दिवस तेच, डेंग्यूचे तेच. म्हणजे बाकीचे महिने पॉलिसी ठेवायची आणि नेमके गरजेचे महिने काढून घ्यायची! मी माझ्या आठांतल्या सीझनपुरत्या चारही माणसांची नावं वर्षभर ठेवतो, जो काय प्रीमियम जातो तो पॅकिंगच्या खर्चाएवढाही नाही.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांनी निदान महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघावं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आता पिवळं-केशरीच नाही तर पांढरं रेशनकार्डवालेही त्यात आहेत, योजनेतल्या (अंगीकृत) हॉस्पिटलात मदतीला आरोग्यमित्र बसतो, फोन 155388. कामगाराला अर्धा दिवस भरपगारी सुट्टी देऊन आधार-रेशनकार्डावरची नावं जुळवून घ्यायला पाठवा, नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी ऐनवेळी धावपळ होते. बागेतल्या नेपाळी गड्यांकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड नसतं, म्हणून ग्रुप पॉलिसीत पहिलं नाव त्यांचं घाला. आणि बँकेतून वर्षाला 20 रुपये कापतात तो सुरक्षा विमा अपघाती मृत्यू-अपंगत्वाचा आहे, त्यातून हॉस्पिटलचं बिल भागत नाही, त्याच्या जिवावर "तुझा विमा आहे रे" असं माणसाला सांगू नका.

आपल्या पेपराला एक विनंती. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमधल्या कुठल्या तालुक्यात कुठल्या हॉस्पिटलात फुले योजना चालते, कुठे कॅशलेस मिळतं, डायलिसिसची सोय कुठे आहे, अशी तालुकावार यादी दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी छापा. कारखान्याच्या दाराला चिकटवायला बरी पडेल.

आपला वाचक,
एक काजू कारखानदार, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग