जुनी उघड्या छपराची गाडी घेताना

मा. संपादक,

मोजक्या पैशांत जुनी, उघड्या छपराची दोन आसनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांनी महागड्या परदेशी गाड्यांआधी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेली, गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ पाहावी. रेनोचे ११४९ सीसी इंजिन असलेली ही गाडी वेगासाठी घेऊ नये. (दिसण्यावरून तसा समज सहज होतो.)

तिची बॉडी फायबरग्लासची असल्याने गंजत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी ठरते. कारण चकचकीत रंगाखालची लोखंडी चौकट कोकणपट्टीच्या दमट हवेत कितपत खाल्ली गेली आहे, हे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय समजत नाही. कापडी छपराच्या शिवणी, काचेभोवतीचे रबर आणि गालिच्याखालची ओल पाहण्यासाठी गाडीवर पाण्याचा पाइप धरावा. विक्रेता त्याला नकार देत असेल तर सौदा सोडावा.

कागदपत्रांचा खर्च मात्र बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासणी करून नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि परराज्यातील गाडीसाठी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नूतनीकरण विक्रेत्याच्या नावावर असतानाच करून घ्यावे आणि उरलेली रक्कम त्यानंतरच द्यावी.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी