जीएसटीआधी सायझिंगकडे पाहा

महोदय,

दर महिन्याच्या सुरुवातीला जीएसटीचा आकडा जाहीर होतो आणि त्यावरून धंदा तेजीत की मंदीत, याचा निवाडा होतो. पण तो कर बहुतांशी मागच्या महिन्याच्या विक्रीवरचा. आणि आकडा अख्ख्या राज्याचा. त्यात इचलकरंजी कुठे शोधायची?

यंत्रमागाच्या गावात पुढची चाहूल सायझिंगमध्ये लागते. सुताला खळ लावून बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला मोठा रूळ) भरायचे, मग ते मागावर चढते. व्यापाऱ्याने सूत उचलणे कमी केले की आधी सायझिंगची रात्रपाळी थांबते. मागावरची बिमे मात्र संपेपर्यंत चालतात, त्यामुळे कापड आणि वीजवापर तोवर ठणठणीत दिसतो. पाठोपाठ खर्चीवाल्यांची, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्यांची, प्रति पीक (आडव्या धाग्यांच्या मोजणीवरची) मजुरी काही पैशांनी उतरते. म्हणून आठवड्याला किती बिमे भरली आणि मजुरीचा दर काय निघाला, एवढे टिपले तरी पुष्कळ. बिमे नगांत मोजावीत. सूत महागले की मीटर घटूनही रुपयांतली उलाढाल फुगते.

ई-वे बिलांवर, म्हणजे मालवाहतुकीसाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन नोंदींवर, इथे भिस्त ठेवू नये. राज्यांतर्गत एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही, आणि जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या सूत-कापडाला रक्कम कितीही असो, सूट आहे. म्हणजे गावातला निम्मा व्यवहार तिथे उमटतच नाही म्हणा ना! विजेचेही तसेच. छपरावर सोलर बसले की महावितरणचे युनिट घटतात, माग चालूच असतात.

भोवतालच्या ऊसपट्ट्यासाठी एफआरपीची, म्हणजे कारखान्यांनी द्यायच्या उसाच्या किमान दराची, थकबाकी बघावी. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात; ते लांबले की दुचाकीची आणि सोन्याची खरेदी लांबते.

तुलना करताना एका महिन्यावर जाऊ नये. २०२४ चे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, २०२५ चे २१ ऑक्टोबरला. कामगार गावी गेले, माग बंद राहिले. नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडला तर नसलेली मंदी दिसते. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरून गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडावे.

जिल्हा नियोजन समितीने भरलेली बिमे, मजुरीचा दर आणि एफआरपीची थकबाकी दरमहा एका पानावर छापावी. सायझिंगवाल्यांच्या वह्यांत बिमांची नोंद रोज होतेच.

– एक वाचक, इचलकरंजी