सासवण्याचे शिल्पालय पाहताना हात मागे ठेवा

महोदय,

सुट्टी तोंडावर आली की अलिबागच्या भटकंतीचे लेख येतात आणि त्यात सासवण्याच्या करमरकर शिल्पालयाला चार ओळी मिळतात. त्या ओळीही आता ठरलेल्या आहेत. गावच्या देवळाच्या भिंतीवर लहानग्या विनायक करमरकरने काढलेले घोड्यावरचे शिवाजी महाराज, ते पाहून त्याला मुंबईच्या जे. जे. कला शाळेत धाडणारे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड आणि पुढे त्याने घडवलेला पुण्यातला महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा. गोष्ट खरी आहे, चांगलीही आहे. पण एवढेच वाचून गेलेला पाहुणा दहा मिनिटांत फेरी मारतो, ‘हे तर नुसते प्लास्टर!’ म्हणत एखाद्या पुतळ्याच्या गुडघ्यावर टिचकी मारतो आणि किहीमच्या वाटेला लागतो. पेणला साचे आणि ओतकामावर पोट असलेल्या आम्हा लोकांना ती टिचकी सोसवत नाही, म्हणून हे पत्र.

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) ज्या घरात राहिले, जिथे त्यांनी काम केले, तिथेच त्यांची शिल्पे उभी आहेत. अशा घरात प्लास्टरला किंमत का, हे पुतळा कसा होतो ते कळल्याशिवाय उमगत नाही. आधी लोखंडी सळ्या आणि तारेचा सांगाडा, त्यावर माती. ती महिनोन्‌महिने ओल्या फडक्यांत गुंडाळून ओली ठेवायची, कारण माती सुकली की आकसते आणि सांगाड्यावर तडकते. काम मनासारखे झाले की मातीत पितळी पत्र्याचे छोटे तुकडे ओळीने खोचून साच्याचे भाग पाडायचे. प्लास्टरचा पहिला थर पाव इंचापेक्षाही पातळ आणि तोही गेरू किंवा नीळ टाकून रंगवलेला. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा इंचभर जाड थर, आधाराला सळ्या. साचा उघडला की आतली माती खरवडून काढावी लागते. मातीतला पुतळा तिथेच संपतो.

मग साच्याला आतून साबणाचे पाणी लावून काथ्या किंवा ताग घातलेले प्लास्टर भरायचे. ते घट्ट झाले की बोथट छिन्नीने साचा फोडायचा. रंगीत थर दिसू लागला की हात हलका करायचा, पुतळा आता जवळ आला. इथे घाई केली की नाकाचा शेंडा किंवा बोटाचे पेर हमखास जाते. माती गेली, साचा फुटला, उरले ते एकच प्लास्टर. पेणच्या कारखान्यात आज एका रबरी साच्यातून शेकडो गणपती निघतात, त्यामुळे प्लास्टर म्हणजे नक्कल अशी आपली समजूत झाली आहे. या पद्धतीत मात्र शिल्पकाराच्या हाताला सर्वांत जवळची वस्तू तीच असते. काशाचा पुतळा तिच्यावरून पुन्हा साचा घेऊन, मेणाचा थर करून मग ओततात. थंड होताना धातू एक-दोन टक्के आकसतो, वर कानस आणि छिन्नीने साफसफाई होते. तोवर अंगठ्याचा दाब थोडा बोथट झालेला असतो.

म्हणून तिथे गेल्यावर चेहऱ्याशी थांबू नका. कानामागे, बगलेत, वस्त्राच्या चुणीत, मागच्या बाजूला बघा. साच्याच्या सांध्याची केसासारखी रेघ तिथे सापडते, कोरणीच्या दातांच्या आणि मातीच्या गोळ्या दाबून बसवल्याच्या खुणाही तिथेच असतात. उजेड बाजूने आला तरच हे दिसते, सकाळी किंवा उन्हे कलल्यावर. भर दुपारी सगळे सपाट. ‘शंखध्वनी’ किंवा ‘मत्स्यगंधा’ यांसारख्या कामांभोवती पूर्ण फेरी मारायला जरा वेळ द्या. पुण्याचा पुतळा चौथऱ्याखालून मान वर करून बघावा लागतो. इथे डोळ्याला डोळा भिडतो.

आता टिचकीचे. प्लास्टर भिजवताना ते घट्ट होण्यासाठी खरे तर वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकेही पाणी लागत नाही. पण ओतता यावे म्हणून आपण शंभर भागांना साठ-सत्तर भाग पाणी घालतो. जास्तीचे पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक भोके राहतात. घामट, तेलकट बोट लागले की ते तेल त्या भोकांत शिरते आणि पुन्हा निघत नाही. नाक, गुडघे, स्तन अशा पुढे आलेल्या जागा आधी काळ्या पडतात. मग कुणी तरी ओल्या फडक्याने पुसते आणि मळ आणखी खोल जातो.

कोकणची हवा तर हातांपेक्षा वाईट. साधे मीठ सुमारे पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून विरघळते, आर्द्रता त्याखाली आली की पुन्हा खडा धरते. किनाऱ्यावरच्या घरात पावसाळाभर विरघळणे आणि थंडीत खडा धरणे दरवर्षी चालते. प्लास्टरच्या भोकांतला प्रत्येक खडा आजूबाजूचा कण उचकटतो आणि वरचा पापुद्रा पिठासारखा झडतो. ओल्या प्लास्टरची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. आतली सळी गंजून फुगली की तांबूस डाग दिसतो, मागोमाग चीर. अंगणातल्या सिमेंटच्या कामालाही हाच रोग. काशावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती जुनेपणाची शोभा समजू नये, खारट हवेने धातू खायला घेतल्याची ती खूण असते.

यावर फार खर्चाचे उपाय लागत नाहीत, हे रायगडातल्या अशा सर्वच खासगी संग्रहांसाठी सांगावेसे वाटते. पुतळा जमिनीला थेट टेकवू नये, खाली ओल न चढणारा थर असावा. भिंतीपासून वीतभर अंतर हवे. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, वरून खाली झाडावी. ऑइलपेंट मारून ‘नवे’ करणे हा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक उपाय: आतली ओल अडते आणि रंग पापुद्र्यासकट सुटतो, शिवाय बारीक खुणा बुजतात त्या कायमच्या. जवळ प्रखर गरम दिवे नकोत. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद ठेवून आर्द्रता वर-खाली करण्यापेक्षा एसी नसलेला बरा. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. आकडा दिवसातून दोनदा वहीत टिपला तरी कोणत्या खोलीत कधी खिडकी उघडायची ते कळते. आणि प्रत्येक शिल्पाच्या पाटीवर नावाबरोबर माध्यम लिहिलेले असावे. पेणची मंडळी रंगीत थराचा साचा अर्धा फोडलेल्या अवस्थेत करून देऊ शकतील. शाळेच्या सहलीला तो तुकडा भाषणापेक्षा जास्त शिकवेल, आणि मुलांना हात लावायला काही तरी हवेच असते, तर तो त्या तुकड्याला लावू दे.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: गेटवेहून मांडव्याला लाँचने सुमारे तासाभरात पोचता येते, पुढे रिक्षा. भर पावसाळ्यात या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो चालू आहे का ते पाहावे किंवा पेण-वडखळमार्गे यावे. हे मूळचे राहते घर आहे, तेव्हा उघडे असल्याची आधी चौकशी करावी. पन्नास मुलांची सहल एकदम आत सोडू नये, पंधरा-पंधराचे गट करावेत. पाठीवरच्या सॅक दाराशीच उतरवाव्यात. वळताना धक्का बहुधा सॅकचाच लागतो.

— एक साचेकार, पेण (जि. रायगड)