पाइपातला गॅस वर जातो हो!

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात गॅस लीक झाला तर काय करायचं यावर एक चौकट आली होती. चौकट चांगलीच होती, पण त्यात एक वाक्य सरसकट ठोकून दिलंय, की गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. सिलिंडरवाल्यांसाठी हे अगदी बरोबर. पण आमच्या बिल्डिंगमध्ये आता पाइपचा गॅस आलाय, आणि ती चौकट वाचून आमच्या कमिटीवाल्यांनी ठरवलं की कबुतरांचा त्रास आहेच तर किचनच्या वरच्या जाळ्यांवर सरळ प्लायवूड मारून टाकू, गॅस काय खालीच जातो. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी ज्युनियर कॉलेजात ३१ वर्षं लॅब असिस्टंट होतो. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, एक कार्बन चार हायड्रोजन, आणि तो मी दरवर्षी मुलांसमोर बनवलेला आहे. कृती साधी. सोडियम अॅसिटेट आणि त्याच्या तिप्पट सोडा लाइम (कॉस्टिक सोडा आणि चुन्याचं मिश्रण) खलात घोटून घ्यायचं, जाड काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये भरायचं आणि तापवायचं, की मिथेन निघतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. पण सगळी मेख त्या अॅसिटेटमध्ये आहे. बाटलीतल्या खड्यांत पाणी असतं, ते आधी चिनी मातीच्या वाटीत तापवून उडवायला लागतं, आधी ते स्वतःच्याच पाण्यात विरघळतं मग घट्ट होतं मग परत वितळतं, आणि हा दुसऱ्यांदा वितळेपर्यंतचा धीर नव्या माणसाला नसतो. मग ओला माल भरला की वाफ ट्यूबच्या गार तोंडाशी जमते, ते पाणी तापलेल्या काचेवर ओघळतं आणि ट्यूब तडकते. म्हणून तर स्टँडला ट्यूब लावताना तोंड जरासं खाली झुकवायचं. आणि गॅस पाण्यावर गोळा करून झाला की आधी नळी पाण्यातून काढायची, मगच बर्नर बंद. उलट केलं की पाणी उलटं ओढलं जाऊन गरम ट्यूबमध्ये शिरतं. किती ट्यूबा फुटल्या असतील देव जाणे, खर्च मात्र ब्रेकेजच्या वहीत माझ्या नावावर.

आता मुद्द्याचं. मिथेनचे भरलेले दोन जार घ्यायचे, एक तोंड वर करून उघडा ठेवायचा, दुसरा पालथा धरायचा. मिनिटभराने जळती काडी न्या, पहिल्यात काहीच नाही, गॅस केव्हाच उडून गेला, आणि पालथ्या जारच्या तोंडाशी फिकट निळी ज्योत पेटते. गणितही सोपं आहे, मिथेनचा रेणुभार १६, हवेचा सरासरी २९, आणि सिलिंडरमधल्या प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. म्हणजे एक छताकडे जाणार, दुसरा ओट्याखाली बसणार. दोन्ही अल्केनच, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या एकाच घराण्यातले, पण स्वभाव वेगळे. शेगडीचा जेटसुद्धा बदलावा लागतो तो उगाच नाही, तेवढ्याच घनफळाला मिथेनची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे भोक मोठं लागतं.

दुसरं म्हणजे वास. शुद्ध मिथेनला रंग नाही, वास नाही. गावाकडे गोबर गॅसला वास येतो तो त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा, नाव मात्र मिथेनचं खराब. घरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं, आपल्या नाकाला कळावं म्हणून. एरवी हा गॅस थंड डोक्याचा, सहजासहजी कशाशी रिअॅक्शन करत नाही, ब्रोमिन वॉटरचा (पाण्यात विरघळवलेल्या ब्रोमिनचा) रंगसुद्धा उडवत नाही. पण हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की एक ठिणगी बास. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तरी हवा कमी पडते. आणि वर जाळी बंद असेल तर हे मिश्रण नेमकं छताखाली तयार होणार ना, जिथे ट्यूबलाइट आहे!

कमिटीतले एक काका म्हणाले, एक्झॉस्ट फॅन आहे की. अहो, वास आल्यावर फॅनचं बटण दाबायचंच नसतं, चालू पण नाही आणि बंद पण नाही, ठिणगी तिथेच उडते. आधी गॅसचा कॉक बंद, मग दारं-खिडक्या सताड उघड्या, मग बाहेर जाऊन फोन.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या अंकात तीच चौकट दोन भागांत छापा, सिलिंडरवाल्यांना खालची हवा, पाइपवाल्यांना वरची. शक्यतो रविवारच्या आधी छापा, सुतार रविवारी येणार आहे. कबुतरांसाठी मी नायलॉनची नेट सुचवलीय, त्यावर अजून चर्चा चालू आहे.

आपला,
एक रिटायर्ड लॅब असिस्टंट, ठाणे